आकडा आहे, घड्याळ कुठे आहे? लकव्यानंतरची मेंदूतली विकरं आणि त्यांच्यावरचं आपलं संशोधन

आजच्या विषयात 'विकर' हा शब्द आहे आणि अर्धे लोक तो 'विकार' असा वाचतात, म्हणून आधी तेवढं मिटवून टाकू. विकर म्हणजे एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात विकर, दवाखान्यात एन्झाइम. आम्ही दोन्ही शब्द वापरणार आहोत. पेशीतलं जे रासायनिक काम एरवी रेंगाळत पडलं असतं ते झटक्यात उरकून देणारं प्रथिन, एवढी व्याख्या आजच्यापुरती पुरे. आणि विकराची 'क्रियाशीलता' म्हणजे ते प्रथिन किती आहे हे नव्हे, ते किती वेगानं काम करतंय हे. गावात गिरणी आहे आणि गिरणी चालू आहे, या दोन गोष्टींत जो फरक आहे, तोच.

'लकवा' हा शब्दही आम्ही मुद्दाम वापरतोय. पुस्तकात पक्षाघात, वर्तमानपत्रात अर्धांगवायू, पण अमरावती-अकोल्याकडे माणूस म्हणतो 'लकवा मारला' नाहीतर 'अंगावरून वारं गेलं'. या शब्दात एक घोटाळा आहे, तो आधीच सांगून ठेवतो. मेंदूची रक्तवाहिनी बंद पडून अर्धं अंग लुळं पडतं तोही लकवा, आणि चेहऱ्याची एकच नस सुजून तोंड वाकडं होतं तोही 'तोंडाचा लकवा'. दुसरा मेंदूचा आजार नाहीच. त्यातले दहापैकी साधारण सात जण काहीही न करता पूर्ण बरे होतात. अमुक गावच्या औषधानं लकवा जातो अशी ख्याती पसरते, तिच्यामागे बहुतेक वेळा हे सात जण असतात. कबुतराचं रक्त चोळा, नाहीतर लेप लावा, ते बरे होणारच होते.

आता मुद्द्यावर येऊ. आज आम्ही टीका करायला उभे आहोत. कुणा एका संशोधकावर नाही, एका प्रकारच्या संशोधन-लेखनावर. लकव्यानंतर मेंदूत अमुक विकर इतकं घटलं, आमच्या औषधानं ते इतकं वाढलं, असं सांगणाऱ्या लेखनावर.

त्याचा एक साचा आहे. विदर्भातले असोत की बाहेरचे, फार्मसी महाविद्यालयांतले आणि जीवशास्त्र विभागांतले कितीतरी प्रबंध त्या साच्यात ओतलेले दिसतात. पांढरे उंदीर घ्यायचे, त्यांचे चार-पाच गट करायचे. काही गटांना एखाद्या वनस्पतीचा अर्क सात किंवा चौदा दिवस रोज पाजायचा. ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा, हळद, जे हाताशी असेल ते. मग मानेतल्या दोन्ही मोठ्या धमन्या अर्धा तास बंद करायच्या, पुन्हा उघडायच्या. चोवीस तासांनी उंदीर मारून मेंदू काढायचा, थंड द्रावणात अख्ख्या मेंदूचा लगदा करायचा आणि तीन-चार गोष्टी मोजायच्या: सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन, आणि पेशीतली चरबी किती खराब झाली त्याचं माप. लकव्यानं पहिल्या तिन्ही घटल्या, अर्कानं परत वर आल्या. तक्त्यावर तारे लागतात. निष्कर्ष ठरलेला असतो: हा अर्क मेंदूचं रक्षण करतो.

प्रयोग खोटा असतो असं आम्ही म्हणत नाही. आकडे बहुधा खरेच असतात. पण त्या आकड्याला वेळ नाही, जागा नाही, आणि माणूस तर नाहीच. आणि तो निष्कर्ष प्रबंधात पडून राहत नाही. तो फिरत फिरत 'संशोधनाने सिद्ध' असं छापलेल्या पुडीवर येतो, आणि ती पुडी ज्या घरात जाते तिथे कापूस विकून आलेले पैसे त्याच महिन्यात संपायला आलेले असतात.

एन्झाइमचा एकच आकडा पुरेसा असतो असे आजारही आहेत, आणि त्यातला एक वऱ्हाडानं फार जवळून पाहिलाय. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक अंगात गेलं की ते ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाच्या विकराला जाऊन चिकटतं. हे विकर मज्जातंतूचा संदेश पोचल्यावर तो पुसून टाकायचं काम करतं. ते बंद पडलं की संदेश पुसलाच जात नाही: लाळ, घाम, स्नायूंचं फडफडणं, शेवटी श्वास अडकणं. इथे एक विष, एक विकर, दिशाही एकच. म्हणून रक्तातलं कोलिनएस्टरेज तपासलं तर डॉक्टरला काहीतरी कळतं. आमचा आक्षेप असा की लकव्यावरचे हे प्रबंध लकव्यालाही अशीच विषबाधा समजून चालतात. एक विकर घटलं म्हणजे वाईट, वाढलं म्हणजे चांगलं. लकवा तसा नाही.

तो कसा आहे ते घड्याळ लावून बघू. इथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतली जवळपास २० टक्के ऊर्जा तो एकटा खातो, आणि साठा करून ठेवायची त्याला सवय नाही. या ऊर्जेचा मोठा वाटा एका विकरावर खर्च होतो: सोडियम-पोटॅशियम एटीपेज. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये ते शोधलं आणि १९९७ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. हे विकर म्हणजे पेशीच्या भिंतीतला पंप. आत शिरलेलं सोडियम बाहेर उपसायचं, पोटॅशियम आत घ्यायचं, रात्रंदिवस. विहिरीचं बांधकाम चाललेलं असताना उपसा करणारी मोटर असते ना, तशी. लाइट गेली की मोटर थांबते आणि झरे काही थांबत नाहीत. मेंदूची रक्तवाहिनी बंद झाली की काही मिनिटांतच ऊर्जा संपते, पंप थांबतो, सोडियम आत येतं, मागोमाग पाणी येतं, पेशी फुगते. म्हणजे लकव्यातला पहिला विकर-बदल हा बंद पडण्याचा आहे.

दुसरा याच्या बरोबर उलट आहे. पंप थांबला की कॅल्शियमही आत घुसतं, आणि एरवी झोपलेली विकरं कॅल्शियमनं जागी होतात. कॅल्पेन पेशीचा सांगाडा कापतं. फॉस्फोलायपेज ए-२ पेशीच्या भिंतीतली चरबी तोडतं. नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर त्या वायूचा मारा सुरू करतं. ही विकरं बिघडलेली नसतात बरं का, ती आपलं नेहमीचंच काम करतात, फक्त वेळ चुकीची असते. मधल्या गाभ्यात हे सगळं इतकं झपाट्यानं होतं की तिथे फार काही वाचवता येत नाही. पण गाभ्याभोवती एक पट्टा असतो, जिथे रक्त कमी पडलंय पण पूर्ण थांबलेलं नाही. तिथल्या पेशी काम सोडून बसलेल्या असतात, मेलेल्या नसतात. लकव्याचा सगळा इलाज या पट्ट्यासाठी असतो आणि हा पट्टा तासातासानं आकसतो.

पुढच्या काही तासांत आणि दिवसांत आणखी मंडळी येतात. कॅस्पेज पेशीला आतून, नियोजनपूर्वक मरायला लावतं. एमएमपी-९ हे विकर रक्तवाहिनीच्या भिंतीचं अस्तर विरघळवतं, त्यामुळे सूज वाढते आणि रक्तस्रावाची भीती असते. म्हणून कुणाला वाटेल, एमएमपी अडवलं की काम झालं. उंदरांमध्ये पहिल्या काही तासांत अडवलं तर खरोखरच फायदा होतो. पण अमेरिकेतल्या एंग लो यांच्या गटानं २००६ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये दाखवलं की तेच एमएमपी सातव्या दिवशी अडवलं तर नुकसान वाढतं. कारण तोवर ते विकर दुरुस्तीला लागलेलं असतं. नव्या रक्तवाहिन्यांना वाट करून द्यायची तर जुनं अस्तर कुणीतरी खोदलंच पाहिजे. पहिल्या दिवशी जो घर पाडतो तोच आठव्या दिवशी पाया खणतो. आता सांगा, एमएमपी-९ वाढलं हे चांगलं की वाईट? तास सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

वेळेसारखीच जागा. नायट्रिक ऑक्साइड बनवणारी विकरं एकाहून जास्त आहेत. चेतापेशीतलं नसलेले उंदीर तयार केले तेव्हा लकव्यात त्यांचं नुकसान कमी झालं. ते काम १९९४ मध्ये 'सायन्स'मध्ये आलं. दोनच वर्षांनी त्याच संशोधकांनी रक्तवाहिनीच्या अस्तरातलं विकर नसलेले उंदीर तपासले, तर त्यांचं नुकसान वाढलं, कारण तिथला नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिनी उघडी ठेवत होता. वायू तोच. एका खोलीत आग, दुसऱ्या खोलीत पाणी. आणि आपण काय करतो? दोन्ही खोल्यांचा एकत्र लगदा करून एक आकडा काढतो. गाभा, भोवतालचा पट्टा, धडधाकट भाग, सगळं एका भांड्यात. सातपुडा, पयनघाट आणि अजिंठ्याची रांग यांचा सरासरी पाऊस काढून अकोटच्या संत्र्याला पाणी द्यायचं की नाही ते ठरवण्यासारखं आहे हे.

सुपरऑक्साइड डिसम्युटेजचं तर वेगळंच. प्रबंधांचं हे लाडकं विकर. १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी ते ओळखलं. ऑक्सिजनचा एक उपद्रवी प्रकार ते पकडतं आणि त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. नीट ऐका: उपद्रव संपवत नाही, दुसऱ्या उपद्रवात बदलतं. तो पुढचा उपद्रव निस्तरायला कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज लागतात. १९९१ मध्ये पाक चान यांच्या प्रयोगशाळेनं हे विकर जादा असलेल्या उंदरांत लकव्याचं नुकसान कमी होतं हे दाखवलं. आपल्या प्रबंधांच्या प्रस्तावनेत त्या धारेचा उल्लेख सापडतो. पण रक्तवाहिनी बंदच ठेवली, पुन्हा उघडलीच नाही, तेव्हा १९९३ मध्ये त्याच जातीच्या उंदरांत फायदा दिसला नाही. आणि १९९६ मध्ये नवजात पिल्लांवर केलेल्या कामात हे विकर जादा असलेल्या पिल्लांचं नुकसान चक्क वाढलं, कारण पेरॉक्साइड साचलं आणि पुढची यंत्रणा तेवढीच राहिली. अकोल्याच्या जिनिंगमधल्या माणसाला हे समजावावं लागणार नाही. रेचे दुप्पट वेगानं चालवले आणि गाठी बांधणारा प्रेस तेवढाच ठेवला, तर मध्ये रुईचा ढीग लागतो, आणि रुईच्या ढिगाला एक ठिणगी पुरते. प्रस्तावनेत १९९१ असतं. १९९३ आणि १९९६ का नसतात?

आता माणूस. साच्यातला उंदीर तरुण, नर, निरोगी. लकव्याचा आपला माणूस साठीचा, रक्तदाबाचा, कधी साखरेचा, खिशात खर्रा. आणि सगळ्यात मोठी गोम ही की उंदराला अर्क लकव्याच्या आधी चौदा दिवस पाजलेला असतो. लकवा कुणाच्या घरी चौदा दिवस आधी सांगून येतो? आधी दिलेल्या औषधाचा प्रयोग फार तर 'आधी घेतलं तर काय होतं' याचं उत्तर देईल. लकवा झाल्यावर काय द्यायचं, याबद्दल तो एक अक्षरही बोलत नाही. तरी निष्कर्षात लिहिलेलं असतं, 'लकव्याच्या उपचारासाठी उपयुक्त'.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं कुणी समजू नये. जगभर हेच झालं, आणि आपल्यापेक्षा शंभरपट पैसे घालून झालं. २००६ मध्ये ओकॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी मोजदाद केली: तीव्र लकव्यासाठी प्रयोगात आजमावलेले उपाय १,०२६. त्यातले माणसांपर्यंत पोचले ११४. मेंदूच्या पेशी थेट वाचवणारं औषध म्हणून त्यातून सर्वमान्य झालेलं एकही नाही. एनएक्सवाय-०५९ नावाचं औषध होतं, नेमकं हेच ऑक्सिजनचे उपद्रवी प्रकार पकडणारं. २००६ च्या पहिल्या मोठ्या चाचणीत आशा दिसली. पुढच्या वर्षी तीन हजारांहून जास्त रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत काहीच दिसलं नाही. २०१० मध्ये एडिनबरोच्या एमिली सेना आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवरच्या लकव्याच्या ५२५ शोधनिबंधांचा हिशेब मांडला. त्यात 'काही फरक पडला नाही' असं सांगणारे निबंध फक्त १० होते. शंभरात दोन! इतकं यश जगात कुठल्याच औषधाला नाही. अर्थ सरळ आहे, फसलेले प्रयोग कपाटात राहिले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे दिसणाऱ्या फायद्याचा सुमारे एक तृतीयांश भाग या कपाटामुळेच होता.

एक उदाहरण आम्हाला फार आवडतं, कारण त्यात एन्झाइमनंच औषध खाल्लं. नेरिनेटाइड नावाचं औषध गाठ काढताना द्यायचं होतं. २०२० च्या चाचणीत एकूण फायदा दिसला नाही. खोलात गेल्यावर कळलं की ज्यांना गाठ विरघळवणारं औषधही दिलं होतं त्यांच्या रक्तात नेरिनेटाइड टिकतच नव्हतं; त्या औषधानं जागं केलेलं प्लाझ्मिन हे विकर त्याचे तुकडे करत होतं. ज्यांना ते दिलं नव्हतं त्यांच्यात फायदा आहेसं वाटलं. मग फक्त तशाच रुग्णांवर पुढची चाचणी केली, तर तो फायदाही टिकला नाही. हे सगळं त्यांनी छापलं. आम्हाला त्यांचं औषध नको, ती सवय हवी.

आणि मंडळी, लकव्यात ज्या औषधाचा उपयोग पक्का झालाय ते स्वतःच एक विकर आहे! टीपीए. आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात ते नैसर्गिकपणे असतं. रक्तातल्या प्लाझ्मिनोजेनचं प्लाझ्मिन करतं आणि प्लाझ्मिन गाठ विरघळवतं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत लकव्यापासून तीन तासांच्या आत ते दिलं, तेव्हा तीन महिन्यांनी जवळपास धडधाकट असण्याची शक्यता निदान तीस टक्क्यांनी वाढली. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत गेली. त्याचंच सुधारलेलं रूप, टेनेक्टिप्लेज, आपल्या पुण्यात बनतं.

पण याच विकराची दुसरी बाजू बघा. १९९५ च्या त्याच चाचणीत मेंदूत त्रासदायक रक्तस्राव औषध दिलेल्यांत ६.४ टक्के, न दिलेल्यांत ०.६ टक्के. उंदरांवरच्या कामातून असंही दिसलंय की हेच टीपीए रक्तवाहिनी ओलांडून मेंदूच्या ऊतीत पोचलं की चेतापेशींना मारक ठरू शकतं. रक्तात तारक, ऊतीत मारक. दुसऱ्या तासाला औषध, दहाव्या तासाला धोका. आणि लकवा गाठीचा नसून रक्तस्रावाचा असेल तर पहिल्या मिनिटापासून धोकाच. म्हणून सीटी स्कॅन केल्याशिवाय ते देता येत नाही. लकव्यात उपयोगी पडलेलं हे विकर घड्याळ आणि जागा यांना इतकं बांधलेलं आहे, आणि आपल्या प्रबंधांना नेमकं त्याच दोन गोष्टींचं वावडं.

आमच्यावर एक उलट आक्षेप येतो आणि तो बिनबुडाचा नाही. लहान महाविद्यालयाकडे एमआरआय नाही, पैसा नाही, विद्यार्थ्याला वर्षभरात प्रबंध द्यायचाय. पुण्या-मुंबईच्या मापानं आम्हाला का मोजता? बरोबर. पण औषध लकव्यानंतर द्यायला जादा पैसे लागत नाहीत. कुठला उंदीर कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवायला कागद लागतो. आकडा मोजणाऱ्याला गट कळू द्यायचा नाही, याला तर कागदही लागत नाही. एकाच बाजूची धमनी बंद करून मेंदूचे दोन्ही अर्धे वेगळे मोजले तर निम्मा गोंधळ मिटतो. चोवीस तासांचा एकच मुक्काम न घेता दोन तास, एक दिवस, सात दिवस असे तीन घेतले तर उंदीर जास्त लागतील हे खरं. मग अर्क पाचऐवजी एकच घ्या. आणि फरक पडला नाही तर 'पडला नाही' असं लिहा. असा प्रबंध नापास करणारा मार्गदर्शक असेल तर दोष विद्यार्थ्याचा नाही, हेही आम्ही इथेच सांगतो.

आपल्याच भागात चांगलं काम झालेलं नाही असंही नाही. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये राजपाल सिंग कश्यप, हातिम दागिनावाला आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लकव्याच्या रुग्णांच्या रक्तातल्या एका प्रथिनावर निबंध लिहिला. इंटर-अल्फा-ट्रिप्सिन इनहिबिटर हेवी चेन ४. नावातच ट्रिप्सिन या विकराला अडवणाऱ्यांच्या कुळाचा उल्लेख आहे. निष्कर्षापेक्षा पद्धत आम्हाला मोलाची वाटते. त्यांनी एकाच रुग्णाचं रक्त पुन्हा पुन्हा तपासलं, आणि सुरुवातीला हरवलेलं प्रथिन रुग्ण सुधारत गेला तसं परत येतं का ते पाहिलं. म्हणजे माणूस होता आणि घड्याळही होतं. रुग्णसंख्या लहान होती, त्यावरून रोजची तपासणी ठरवता येणार नाही. तरी प्रश्न बरोबर विचारलेला होता.

आणि दुसरं काम, ज्यात ना उंदीर ना विकर. गडचिरोलीत 'सर्च'च्या योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांत दोन वर्षं प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. २०१५ मध्ये ते 'स्ट्रोक' या नियतकालिकात आलं. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्यानं, म्हणजे १४.३ टक्के, आणि मृत्यूचं सर्वांत मोठं एकटं कारण तेच. हिवताप नाही, क्षय नाही, लकवा. त्यातले ८७.३ टक्के मृत्यू घरी झाले. घरी! टीपीए, सीटी स्कॅन, कॅल्पेन, कॅस्पेज, आपण इतका वेळ जे बोललो त्यातलं काहीही या माणसांच्या वाट्याला आलं नाही.

म्हणून अमरावती-अकोल्यातल्या विद्यार्थ्यांपुढे आम्ही एक विषय ठेवतो. लकवा किती वाजता झाला, घरच्यांना किती वाजता कळलं, आधी कुणाकडे नेलं, १०८ ला फोन केला का, सीटी स्कॅन किती वाजता झाला. पाच प्रश्न. तेल्हारा, पातूर, धारणी, दर्यापूर, कुठूनही गोळा करा. धारणीच्या माणसाला मेळघाटचा घाट उतरून परतवाड्यावरून अमरावती गाठायची असते. साडेचार तासांतले किती तास तिथेच जातात, ते मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर लागत नाही. अमेरिकन डॉक्टर जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये हिशेब केला होता की मोठ्या लकव्यात दर मिनिटाला १९ लाख चेतापेशी जातात. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला, त्याची मिनिटं आपल्या तोंडपाठ आहेत. त्या रस्त्यानं लकव्याचा रुग्ण किती मिनिटांत पोचतो, तेही कुणीतरी लिहून ठेवावं.

दोन चिठ्ठ्या आल्यात, त्या घेऊन थांबू. पहिली: "सिटिकोलिनच्या गोळ्या वडिलांना वर्षभर चालू आहेत, त्याही एन्झाइमवरच काम करतात ना?" हो, त्या फॉस्फोलायपेज ए-२ ला आवर घालतात असं प्राण्यांवरच्या कामातून मांडलं गेलं होतं. पण २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या २,२९८ रुग्णांच्या चाचणीत, लकव्यानंतर पहिल्या चोवीस तासांत सुरू करूनही, त्यांचा फायदा दिसला नाही. वर्षानंतर किती उपयोग, हे तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मात्र एक करू नका. पैसे वाचवायला म्हणून चिठ्ठीतलं पहिलं औषध बंद करताना रक्तदाबाची गोळी किंवा गाठ टाळण्यासाठी दिलेली ॲस्पिरिन बंद करू नका. त्या स्वस्त असतात म्हणून बिनमहत्त्वाच्या वाटतात. पुढचा लकवा त्याच अडवतात.

दुसरी चिठ्ठी मूर्तिजापूरहून: "आईला लकवा होऊन तीन आठवडे झाले, आता उशीर झाला का?" टीपीएसाठी झाला. बाकी कशासाठी नाही. मघाशी सांगितलेलं दुरुस्तीचं काम याच काळात जोरात चाललेलं असतं, आणि ते वापराप्रमाणे होतं: जो हात हलवला जातो त्याच्या वाटा बांधल्या जातात. फिजिओथेरपिस्टना विचारा की ते नसताना घरी कोणते व्यायाम, दिवसातून किती वेळा, आणि ते कागदावर लिहून घ्या. गिळताना ठसका लागतो का तेवढं आजच बघा. लागत असेल तर पातळ पाणी, चहा पाजायच्या आधी डॉक्टरांना दाखवा.